आता हात लावते हं

पत्र थोडक्यात असं आहे. सोलापूरच्या पूर्व भागात माहेर असलेल्या 27 वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीने ते लिहिलंय. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठीतून झाली. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, वडिलांच्या ओळखीच्या खासगी दवाखान्यात झालं. मुलगा आता 14 महिन्यांचा आहे, ठणठणीत आहे. पण ती रात्र तिच्या मनातून जात नाही. सलाईन लावलं ते कशाचं, ते कुणी सांगितलं नाही. आतून किती जणांनी तपासलं ते तिला आठवत नाही. विचारलं मात्र एकानेही नाही. एकीने पोटावर जोर देऊन दाबलं. चीर दिली ती दिल्यावरच कळली. टाके घालताना ती ओरडली तेव्हा ‘झालं की आता, कशाला ओरडतेस’ असं ऐकावं लागलं. शेवटी शेवटी तिला मराठी सुचेना, तोंडातून फक्त तेलुगू येत होतं. त्यावर कुणीतरी हसलं. आई बाहेर बाकावर बसून होती. दाखल होतानाच्या कागदांवर सही नवऱ्याची.

आता ती त्या रस्त्याने जात नाही, स्कूटी लांबून वळवते. नवरा जवळ आला की अंग आखडतं. रात्री दचकून जाग येते. नवरा म्हणतो, ‘बाळ चांगलं आहे ना, मग झालं.’ आई म्हणते, ‘सगळ्याच बायकांचं असं होतं. मी तर कळा येईपर्यंत बिड्या वळत होते.’ धाकटी बहीण सातव्या महिन्यात आहे, पुढच्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी येईल, आणि तिचं नाव त्याच दवाखान्यात घातलंय. पत्राच्या शेवटी तीन प्रश्न आहेत. बहिणीला सांगू की नको? तक्रार करायची तर कशाची करू? आणि काही बिघडलेलं नसताना मी रडतेय, हा माझा कृतघ्नपणा आहे का?

*

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून तुला ‘तू’ म्हणते. शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे दोन्ही त्याच्यावरच अडून बसलेत.

बाळंतपणाची बातमी द्यायला आपल्याकडे एक शब्द ठरलेला आहे: सुखरूप. फोन वाजला की घरातल्या सगळ्यांना तेवढंच ऐकायचं असतं, आणि ते ऐकल्यावर मगच कुणीतरी ‘मुलगा की मुलगी’ विचारतं. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. तुझ्या आजीच्या पिढीत कितीतरी घरांत एखादी तरी बाई बाळंतपणात गेलेली होती, त्या भीतीतून तो आलाय. तुझी आई, तुझा नवरा तुला ‘झालं ना नीट’ म्हणतात तेव्हा त्यामागे तीच जुनी भीती आणि तीच सुटका आहे. त्यांना तुझी किंमत नाही असं मी मानत नाही.

पण ‘सुखरूप’ एवढंच सांगतो की दोघं जगले. त्या खोलीत तुझ्याशी कुणी कसं वागलं, याची बातमी त्यात नसते, आणि ती कुणी विचारतही नाही. म्हणून तुला वाटायला लागलं की बाळ मिळाल्याचा आनंद आणि त्या रात्रीचा राग यातलं एकच काहीतरी खरं असणार, आणि राग खरा असेल तर आपण वाईट आई आहोत. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मुलाच्या पहिल्या दाताबद्दल तू जे लिहिलंस त्यात प्रेम ओसंडतंय. त्याच पानावर खाली तू लिहिलंस, ‘मला तिथे माणूस म्हणून कुणी पाहिलंच नाही.’ ही दोन्ही वाक्यं तुझीच आहेत आणि दोन्ही खरी आहेत. कृतघ्न माणसाला असा प्रश्न पडत नाही, बाई.

आता एक गोष्ट हळूच उलटून बघूया, कारण तू मला मत विचारलंयस आणि मला फक्त मान डोलवायची नाहीये. तुझ्या पत्रात एक गृहीत आहे की त्या रात्री जे जे केलं गेलं ते सगळंच चुकीचं होतं. ते तसं असेलच असं नाही. बाळाचे ठोके उतरायला लागले तर चीर देऊन बाळ लवकर बाहेर काढावं लागतं. बाळाचा खांदा अडकला तर ओटीपोटावर, जांघेच्या हाडाच्या अगदी वर, दाब द्यावा लागतो, आणि तो दिल्यामुळे बाळं वाचतात. वार पडल्यावर रक्त जास्त जाऊ नये म्हणून पिशवी पोटावरून चोळतात, तेही खूप दुखतं. हे वेगळं, आणि बाळ लवकर यावं म्हणून पोटाच्या वरच्या बाजूने कोपराने किंवा तळहाताने खाली ढकलणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये बाळंतपणाच्या काळजीबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत वरून ढकलायचा हा प्रकार करू नये असं स्पष्ट म्हटलंय. सरसकट प्रत्येकीला चीर देऊ नये, हेही त्यांतच आहे. कळा नीट सुरू झाल्यावर सगळं सुरळीत असेल तर आतली तपासणी साधारण चार तासांनी पुरते, असंही त्या सांगतात. तेव्हा तुझ्या बाबतीत कुठला दाब होता, चीर कशासाठी होती, हे कागद पाहिल्याशिवाय तुला कळणार नाही, मलाही नाही.

मात्र ‘गरज होती का’ आणि ‘सांगितलं का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर ‘होय’ आलं तरी दुसरा तसाच उभा राहतो. घरातली माणसं, आणि कधी कधी डॉक्टरसुद्धा, पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा मिटवून टाकतात. ‘इमर्जन्सी होती हो, विचारत बसायला वेळ कुठे होता?’ वेळ नसतो हे मला मान्य आहे. पण ‘बाळाचे ठोके कमी होतायत, थोडी चीर द्यावी लागेल, देऊ ना?’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघ. किती वेळ लागला? सिस्टर हातमोजे चढवते तेवढ्यात ते बोलून होतं. बेशुद्ध बाईचा जीव वाचवताना विचारत बसू नये, हे कुणीही मान्य करेल. तू मात्र शुद्धीत होतीस. तू बोलत होतीस, फक्त तेलुगूत.

मी माझ्या पहिल्या बाळंतपणाचं तुला सांगते. त्याला तीस वर्षं होऊन गेली. रात्रपाळीला एक सिस्टर होत्या, वयस्कर, चेहरा थकलेला. खोलीत आम्ही पाच-सहा जणी होतो आणि त्या एकट्या. पण तपासायला आल्या की दरवेळी आधी म्हणायच्या, ‘आता हात लावते हं. गार लागेल. दुखलं तर सांग, थांबते.’ आणि एकदा मी ‘थांबा’ म्हटलं तेव्हा त्या खरंच थांबल्या. कळ ओसरेपर्यंत हात बाजूला घेऊन उभ्या राहिल्या. मला टाके पडले, कळा अठरा तास होत्या, दुखण्यात काहीही कमी नव्हतं. तरी ती रात्र मला आठवते ती त्या वाक्यासाठी. तुझं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं, तुला ते एक वाक्य मिळालं असतं तर तू आज स्कूटी लांबून वळवली नसतीस.

सिस्टरांच्या हाताखाली माणसं कमी असतात, पाळ्या लांब असतात. त्यांच्यावरही कुणीतरी ओरडलेलं असतं. हे मी त्यांची बाजू म्हणून सांगतेय आणि मनापासून सांगतेय. पण कळांनी तळमळणाऱ्या बाईच्या बोलीला हसणं हे कामाच्या ताणात बसत नाही. आपल्या सोलापुरात तर नाहीच बसत. इथे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही ऐकू येतात. भाजीवालीसुद्धा गिऱ्हाइकाचा चेहरा बघून भाषा बदलते. ज्या शहरात भाव चार भाषांत होतो, तिथे ‘जोर लाव’ आणि ‘श्वास घे’ एवढं तरी बाळंतिणीच्या भाषेत सांगता यायला हवं. वेदनेत माणूस मागे मागे जात आईच्या भाषेपाशी पोचतो. तू ‘अम्मा’ म्हणून ओरडलीस यात लाजण्यासारखं काय आहे?

डफरीन चौक आपण सगळे दिवसातून दहादा म्हणतो. ते नाव तिथल्या बायकांच्या दवाखान्यावरून पडलं. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी 1885 मध्ये एक निधी उभा केला. हिंदुस्थानातल्या बायकांना बायकांच्याच हातून उपचार मिळावेत, त्यासाठी डॉक्टर आणि सुइणी तयार व्हाव्यात, दवाखाने निघावेत, हा त्याचा हेतू होता. परक्या पुरुषाचा हात लागण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका तेव्हा घरोघरी होत्या. म्हणजे हात कुणाचा आणि कसा लागतो यावर बाई उपचाराला येणार की नाही हे ठरतं, हे जवळपास दीडशे वर्षांपूर्वीही लोकांना उमगलं होतं. तुझं गाऱ्हाणं शिकलेल्या मुलींचं नवं खूळ आहे असं कुणी म्हणालं तर हे त्यांना सांग.

सहीबद्दलही सांगते. ‘नवऱ्याने सही केली होती, म्हणजे परवानगी होती’ असं तुला घरात सांगितलं गेलं. कायदा तसं म्हणत नाही. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये निकाल दिला. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले होते. न्यायालयाने सांगितलं की रुग्ण सज्ञान असेल, तिला विचारणं शक्य असेल आणि जिवावर तातडीचं संकट नसेल, तर संमती तिचीच लागते, नातेवाइकाची चालत नाही. एका गोष्टीला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही, आणि संमतीआधी काय करणार, का करणार, दुसरा पर्याय काय, धोका काय, हे कळेल असं सांगायला हवं. दाखल होताना भरून घेतलेला इंग्रजी कागद आणि त्याच्या खाली नवऱ्याची सही यांना संमती म्हणायची आपल्याला सवय झालीय, इतकंच.

आता बहीण. तुला वाटतंय की तुझ्यापुढे दोनच वाटा आहेत, सगळं सांगून तिला घाबरवणं किंवा गप्प राहून दोषी होणं. मधली वाट आहे आणि ती सोपी आहे. तिला आधी विचार. ‘माझ्या बाळंतपणात काही गोष्टी मला आवडल्या नाहीत. त्यावरून तुझ्यासाठी काय ठरवता येईल ते बोलूया का? माझी सगळी हकिगत ऐकायची असेल तर सांगेन, नको असेल तर फक्त कामाचं बोलू.’ तुला कुणी विचारलं नव्हतं. तू तिला विचार. ती ‘अक्का, नको सांगू’ म्हणाली तर त्या रात्रीचं एक अक्षर न सांगताही तिचं भलं करता येतं.

आणि कामाचं बोलणं बरंच आहे. बाळंतपणातल्या संमतीबद्दल माझं एक ठाम मत आहे. ती टेबलावर, पिशवीचं तोंड पुरतं उघडल्यावर मागायची गोष्ट नाही. तेव्हा कुठलीही बाई ‘काहीही करा पण सोडवा’ म्हणेल. हे बोलणं सातव्या-आठव्या महिन्यात, ओपीडीत, कपडे अंगावर असताना, खुर्चीत समोरासमोर बसून व्हायला हवं. तिथे गर्दी असते, सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून दोन मिनिटांत पुढचा नंबर येतो, हे मला माहीत आहे. म्हणून बहिणीने प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि आत शिरतानाच म्हणावं, ‘मॅडम, आज मला पाच मिनिटं बोलायचंय.’ कळांच्या वेळी माझ्याजवळ बाईमाणूस राहू शकेल का? चीर सगळ्यांनाच देता की गरज पडली तरच? टाके घालताना जागा बधिर करता का, आणि तरी दुखलं तर पुन्हा इंजेक्शन देता का? कळा वाढवायचं सलाईन कधी लावता? उभं राहून, फिरून कळा काढता येतील का? रात्री तुम्ही स्वतः असाल की दुसरं कुणी? तुझ्या आईला भीती वाटेल की जास्त विचारलं तर डॉक्टर चिडतील आणि सिझर करतील. ही भीती मी घराघरात ऐकते. पण नवव्या महिन्याआधी एवढ्या प्रश्नांनी जे डॉक्टर चिडतात, त्यांच्या हाती पहाटे तीन वाजता आपली पोरगी द्यायची का, हे त्या चिडण्यावरूनच कळेल. आणि चांगल्या डॉक्टर चिडत नाहीत. त्यांनाही ऐकणारी, समजून घेणारी बाई टेबलावर असलेली बरी पडते.

उत्तरं पटली नाहीत तर दवाखाना बदला. नाव घातलंय म्हणजे शब्द दिलाय असं होत नाही. वडिलांची ओळख आहे, त्यांना वाईट वाटेल, हे खरं. ते तू किंवा तुझा नवरा नीट बोलून सांभाळू शकाल. फक्त आठव्या महिन्याच्या मध्यापर्यंत ठरवा. ऐनवेळी नव्या ठिकाणी जाण्यात धोका असतो, जुने रिपोर्ट, सोनोग्राफी, रक्तगट सगळं सोबत लागतं. बहिणीला रक्तदाब, साखर, असं काही असेल तर रक्ताची सोय आणि बाळाचे डॉक्टर जवळ असलेली जागा आधी बघा. माझ्या मते तिथे बाकीच्या पसंतीला थोडी मुरड घालावी.

सरकारी दवाखाना घरच्यांच्या यादीतच नसेल, पण एक माहिती द्यावीशी वाटते. कळांच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवायला केंद्र सरकारने 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांना सांगितलंय. तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं असावं, असं त्यात आहे. 2017 च्या डिसेंबरपासून ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम आहे, त्यात सरकारी लेबर रूमची तपासणी होते आणि बाईशी सन्मानाने वागणं हा त्यातला एक भाग आहे. खासगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या संघटनेचं ‘मान्यता’ नावाचं प्रमाणपत्र आहे, त्याचे 16 निकष आहेत. ते भिंतीवर आहे का हे सहज विचारता येतं. प्रमाणपत्राने सगळं ठीक होतं असं नाही, पण विचारायला एक निमित्त मिळतं.

सोबत कोण राहील हे मात्र जपून ठरवा. बहीण तुझंच नाव घेईल, आणि तू लगेच हो म्हणशील, कारण तुला वाटतंय की तिला वाचवणं हे तुझं काम आहे. माझं ऐक, घाई करू नकोस. तीच खोली, तोच फिनाईलचा वास, तेच आवाज. तुझं अंग तिथे काय करेल हे तुला आज सांगता येणार नाही. तू थरथरलीस तर तीही घाबरेल. तुझी आई, किंवा तेलुगू-मराठी दोन्ही येणारी एखादी काकू, वहिनी चालेल. सोबतिणीचं काम लहान असतं. हात धरायचा, पाणी द्यायचं, डॉक्टर काय म्हणाल्या ते कानाशी तेलुगूत सांगायचं, आणि कुणी न सांगता काही करायला लागलं तर नम्रपणे म्हणायचं, ‘सिस्टर, काय करताय ते तिला सांगता का?’ भांडायचं नाही. तू आईला हे चार दिवस शिकव. तुझ्या वेळी बाहेरच्या बाकावर बसून राहिल्याचं शल्य तिलाही असणार. बिड्या वळता वळता बाळंत झालेल्या बाईला कुणी कधी विचारलं नव्हतं, म्हणून तिला ते ‘सगळ्यांचंच होतं’ वाटतं. तिचं बाळंतपण कसं झालं ते एकदा तिला विचार. मला वाटतं ती बोलेल.

आता तुझं स्वतःचं. दचकून जागं होणं, ती जागा टाळणं, अंग आखडणं, मध्येच ती खोली जशीच्या तशी डोळ्यांसमोर येणं, हे 14 महिन्यांनंतरही होतंय म्हणजे केवळ आठवण म्हणून ते सोडून देऊ नकोस. अपघातातून वाचलेल्या माणसांच्या मनावर होते तशी जखम बाळंतपणानेही होते, डॉक्टर तिला आघातानंतरचा ताण म्हणतात. बाळंतपणानंतरचं नैराश्य वेगळं, कधी दोन्ही एकत्र असतात. दोन्हींवर उपचार आहेत. बोलून केलेल्या उपचारांनी यात चांगला फरक पडतो, औषधं लागलीच तर अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी असतात. 14416 हा ‘टेलिमानस’चा सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालतो. तिथून सुरुवात कर. समोर बसून बोलायचं तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा. आणि कधी जगणंच नको वाटलं किंवा बाळाला काही करण्याचा विचार आला तर उद्यावर ढकलू नकोस, त्याच घटकेला घरच्यांना सांग आणि दवाखान्यात जा.

नवरा जवळ आल्यावर आखडणं हे मनामुळेही असतं आणि टाक्यांमुळेही. टाक्यांची जागा कडक राहिली, स्नायू आवळले गेले, अंगावर पाजल्यामुळे कोरडेपणा आला, अशी साधी शारीरिक कारणं असतात आणि ती बरी होतात. दुसऱ्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखव. आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोल, ‘मागच्या वेळी मला न सांगता तपासलं होतं, म्हणून मला भीती वाटते. आज आधी सांगा आणि मी थांब म्हटलं की थांबा.’ हे वाक्य ऐकल्यावर त्या काय करतात ते बघ. पहिल्या दिवशी तपासणी करूच नका, असंही म्हणता येतं. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्टही असतात, त्याबद्दल त्यांना विचार.

नवऱ्याला मात्र तू अजून पूर्ण सांगितलेलं नाहीस, हे तुझ्या पत्रातच दिसतं. ‘चीर दिली’ एवढंच त्याला माहीत आहे. न विचारता दिली, टाके घालताना जागा बधिर नव्हती, लोक हसले, हे त्याला कुठे माहीत आहे? तो त्या वेळी दारापलीकडे होता, आणि ज्या कागदावर त्याने सही केली तो त्यानेही वाचला नसणार. त्याला हा भाग एकदा निवांतपणे सांग, मुलगा झोपल्यावर. त्याच्याकडून मला एक अपेक्षा आहे. त्याने ‘मग झालं ना’ म्हणणं थांबवावं आणि ‘मला माहीत नव्हतं’ म्हणावं. तो हे वाचत असेल तर त्याच्यासाठी आणखी एक वाक्य: ती नको म्हणते तेव्हा ती तुम्हाला नको म्हणत नाहीये, तिचं अंग अजून त्या टेबलावर आहे. धीर धरा, आणि हात लावण्याआधी विचारा. काही महिने विचारा.

तक्रारीचं माझं मत असं की आधी कागद मिळव, मग ठरव. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार दवाखान्याने रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपायचे असतात, आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात. म्हणजे तुझे कागद तिथे असायला हवेत. डिस्चार्ज कार्डवर थांबू नकोस. पूर्ण केसपेपर माग: कळांचा तक्ता, बाळाच्या ठोक्यांच्या नोंदी, दिलेल्या औषधांची वेळेसह नोंद, संमतीचे कागद. ते एखाद्या दुसऱ्या डॉक्टरांसोबत वाच. चीर का दिली याचं कारण त्यात असेल तर तुझ्या मनातला एक काटा निघेल. कारण नसेल, संमतीच्या कागदावर तुझी सही कुठेच नसेल, तर तेही कळेल.

नंतर त्या डॉक्टरांना पत्र लिही. आरोप करू नकोस, काय घडलं, तुला काय वाटलं, पुढे काय बदलावं, एवढंच लिही. काही डॉक्टर अशा पत्राने खरोखर हलतात. लेबर रूममध्ये आपल्या मागे काय बोललं जातं ते त्यांना कधी माहीतच नसतं. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर शहरातल्या खासगी दवाखान्यांची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते, तिथे लेखी तक्रार देता येते. राज्याने 2021 मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद आणली, ती दवाखान्यात लावलेली असायला हवी. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे. ग्राहक आयोगात जायचं तर घटनेपासून 2 वर्षांची मुदत आहे, म्हणजे तुझ्या हातात साधारण 10 महिने आहेत. पण यातलं काहीही केलं नाहीस तरी तू कमी पडलीस असं होत नाही. कोर्टकचेरीत ती रात्र पुन्हा पुन्हा सांगावी लागते, आणि प्रत्येकीला ते झेपतंच असं नाही. आधी झोप नीट होऊ दे, मग ठरव.

कागदांसाठीचा अर्ज दोन ओळींचा असतो. ‘मी अमुक, अमुक तारखेला आपल्याकडे बाळंत झाले. माझ्या उपचारांच्या संपूर्ण नोंदींची प्रत मला मिळावी.’ दोन प्रती काढ, एकीवर पोचल्याचा शिक्का आणि तारीख घे. त्या दारात जाणं जमत नसेल तर नवऱ्याला पाठव किंवा स्पीड पोस्टाने दे. सही मात्र तू कर.